ओतलेलं पुरण आणि माझा अहंकार

"ओत. सगळं ओत. मोरीत नको, तुंबेल. अंगणात पपईखाली ओत."

काकू एवढं बोलल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातून बाजूला झाल्या. चांगल्या दोन हात बाजूला. माझा पदर लागू नये म्हणून.

माझ्या हातात पितळेचं पातेलं. पातेल्यात पुरण. कढत. जायफळ-वेलचीचा वास नाकात शिरत होता. पातेलं धरायला फडकं मिळालं नाही, कारण फडकंही सोवळ्यातलं. मी पदराने धरलं. पदर जुना, विरलेला. बोटं भाजली.

अंगणात जायचा रस्ता बाहेरच्या खोलीतून होता. तिथे सतरंजीवर अकरा माणसं बसलेली. पोथीच्या समाप्तीला जमलेली, डोंबिवलीतली शिकली-सवरली, चष्मेवाली माणसं. मी पातेलं घेऊन मधून निघाले तसे सगळ्यांनी पाय आखडून घेतले. एका बाईंनी पर्ससुद्धा मांडीवर घेतली.

ओतलं. पपईच्या बुंध्याशी पिवळा ढीग झाला. पिंडाला तासभर ताटकळवणारे कावळे त्या दिवशी आमंत्रण दिल्यासारखे आले.

रिकामं पातेलं घेऊन परत आत आले तर अण्णांनी मला थांबवलं. अण्णा म्हणजे घराचे मालक, काकूंचे यजमान, आणि त्या अकरा जणांचे गुरुजी. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मावशी, वाईट वाटून घेऊ नकोस. पुरण ओतलं असं समजूच नकोस. आज तुझा अहंकार ओतला गेला, असं समज."

अकरा डोकी हलली. कोणीतरी "वा!" म्हणालं.

आणि बारावं डोकं माझं. मीही मान हलवली. अगदी जोरात. भाजलेली बोटं पदरात लपवून, डोळ्यांत पाणी आणून मी मान हलवली. वर वाटलं, केवढी मी भाग्यवान! लोक हिमालयात जातात अहंकार घालवायला, माझा डोंबिवलीत, ऑन द स्पॉट!

आज त्या सव्वीस वर्षांच्या शहाणीचा कान धरावासा वाटतो. पण ती आता सापडायची कुठे? माझ्याच कातड्यात बसलीये. मग मीच माझा कान ओढते आणि पुढे सांगते.

तर ते मला मावशी म्हणायचे. मी सव्वीसची, काकू पंचावन्नच्या आणि अण्णा साठीचे. आणि मी त्यांची मावशी! मावशी म्हणायचे आणि अगंतुगं करायचे. मी त्यांच्याकडे केर-लादी-भांडी करायचे. पहिल्या दिवशी काकूंनी माझं नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव. मग म्हणाल्या, "गावात घर कोणत्या अंगाला?"

मी म्हटलं, "ओढ्यापलीकडे."

"अस्सं," म्हणाल्या. बस. तेवढ्या एका अस्संमध्ये माझा सगळा दाखला तपासून झाला. दुसऱ्या दिवशी मोरीच्या वरच्या कोनाड्यात एक कप आला. कान तुटलेला. माझा. आणि मी घासलेली भांडी पालथी घालायची, काकू त्यांच्यावरून तांब्याभर पाणी फिरवून मगच आत घेणार. भांडी मी स्वच्छ करायची, शुद्ध त्या करणार. अशी कामाची वाटणी.

मी बोलले का काही? छे. मला तर वाटायचं, पाणीच फिरवतायत ना, फिरवू देत, नळ त्यांचाच आहे.

खरं सांगायचं तर मला त्या घराची गोडी लागली होती ती गुरुवारमुळे. दर गुरुवारी चार वाजता अण्णांचा वर्ग भरायचा. पोथी वाचायची आणि तिचा आतला अर्थ सांगायचा. आतला म्हणजे गोष्टीत दिसतो तो नाही. गोष्टीतली लढाई म्हणजे बाहेरची लढाई नाहीच म्हणे, ती मनात चालते. रथाचे घोडे म्हणजे इंद्रियं. दहा तोंडांचा राक्षस म्हणजे आपलेच दहा दुर्गुण. वनवास म्हणजे मन देवापासून लांब गेलं तो काळ. प्रत्येक गोष्ट कशाचं ना कशाचं प्रतीक. अण्णा सांगायचेही गोड. मी सातवी शिकलेली, पुढे शाळा सुटली, पण कान शाबूत होते. मी मोरीत भांडी घासत ऐकायचे. नळाच्या आवाजात शब्द बुडायचे म्हणून गुरुवारी नळ बंद ठेवायचे, बादलीत हात घालून घासायचे. राख हळू, घासणी हळू. काकूंना वाटायचं, गुरुवारी बाई मन लावून काम करते.

आणि ते सगळं ज्ञान मी घरी न्यायचे. आमची खोली विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाजूला. नवरा कारखान्यात पाळीवर. घरात मी, दोन पोरं आणि माझी सासू. सासू म्हणजे जळता निखारा. एके दिवशी ती मला भाकरीवरून बोलली. मी डोळे मिटून म्हटलं,

"आत्याबाई, तुम्ही सासू नाहीच. तुम्ही म्हणजे माझ्याच मनातला क्रोध."

म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "व्हय का? मंग तुझ्यातल्या क्रोधाला च्या टाक. साखर जास्त घाल."

मी टाकला चहा. साखर जास्त घातली. आणि मनात म्हटलं, बिचारी अजून बाहेरच्या अर्थातच अडकलीये.

हसू नका. मला त्या वेळी खरंच वाटायचं की माझ्यात काहीतरी बदलतंय. मनातली लढाई ही गोष्ट मला पटलेली. कारण लढाई माझ्या मनात होतीच, तिला नाव मिळालं नव्हतं एवढंच. अण्णांनी नाव दिलं. त्या उपकाराखाली मी वाकले, ती वाकलेच.

मग आला समाप्तीचा दिवस. काकूंनी सकाळपासून सोवळं धरलेलं. ओली साडी नेसून नैवेद्याचा स्वयंपाक, मध्ये कोणी शिवायचं नाही. मला ताकीद, आज ओट्यापाशी फिरकायचं नाही. मी मोरीत. बाहेरच्या खोलीत अण्णा बोलत होते. आणि नेमकं त्या दिवशी काय बोलत होते?

"सोवळं म्हणजे धुतलेलं वस्त्र नव्हे. धुतलेलं मन! मन निर्मळ असेल तो भर बाजारातही सोवळा. मन मळलेलं असेल तो गंगेत उभा राहूनही ओवळा."

मी घासणी बाजूला ठेवली. माझ्या अंगावर काटा आला.

आणि तेवढ्यात वास आला. पुरण लागत होतं. काकू दाराशी कोणा पाहुण्यांचं आगत-स्वागत करायला गेल्या होत्या आणि गप्पांत अडकल्या होत्या. गॅस मोठा. पुरण तळाला धरलं तर नैवेद्य गेला. मी हाक मारली, "काकू!" कोणी ऐकलं नाही. हसण्याचे आवाज येत होते.

मी हात धुतले. साबणाने, कोपरापर्यंत. मन तपासलं. निर्मळ होतं. देवाशपथ निर्मळ होतं. आणि मी ओट्यापाशी गेले, गॅस बारीक केला, उलथन्याने पुरण तळापासून सोडवून घेतलं. वेळेवर सोडवलं. तळाला नुसता बदामी रंग आला होता, करपलं नव्हतं. मला इतका आनंद झाला! वाटलं, काकू येतील, बघतील आणि म्हणतील, वाचवलंस गं बाई.

काकू आल्या. उलथनं माझ्या हातात.

"हात लावलास?"

"लागत होतं, काकू. करपलं असतं."

"लावलास की नाही, तेवढं सांग."

"अण्णा आत्ताच म्हणाले, सोवळं म्हणजे मनाचं..."

"ओत."

पुढचं तुम्हाला सांगून झालंय.

ही माझी चूक. दुसरी कुठली नाही. गुरुजींनी सांगितलं ते मी खरं धरलं. त्या अकरांपैकी एकानेही धरलं नव्हतं. ते शहाणे होते. अर्थ ऐकायचा असतो, मान हलवायची असते, आणि घरी जाऊन पूर्वीसारखंच वागायचं असतं, हा वर्गाचा पहिला नियम मोरीत बसणाऱ्या बाईला कोण सांगणार?

घरी गेले. सासूने बोटं बघितली. खोबरेल लावायला घेतलं. मी तिला सगळं सांगितलं आणि शेवटी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "आत्याबाई, आज माझा अहंकार ओतला गेला."

"पुरण कुणाचं व्हतं?"

"त्यांचं."

"शिजवलं कुणी?"

"काकूंनी."

"जळत व्हतं ते वाचवलं कुणी?"

"मी."

"वता म्हनलं कोन?"

"काकू."

म्हातारीने माझं बोट जरा दाबलंच. "पुरण त्येंचं, हट त्येंचा, आन वतला त्यो आहंकार तुझा? ह्यो कसला गं हिशेब, शाने?"

मी बोट सोडवून घेतलं.

"पोथीत आसं लिवलंय?"

"माहीत नाही. मी वाचली नाही. अण्णा सांगतात."

"मंग ज्याच्या हातात पोथी, त्येच्याच ताटात आर्थ," सासू म्हणाली आणि खोबरेलाची वाटी उचलून गेली. माझ्या मनातला क्रोध! सही न येणारी बाई. चार वाक्यांत माझे सगळे गुरुवार तिने धुऊन वाळत घातले.

त्या आठवड्यात मला चैन पडलं नाही. लादी पुसताना एकच जागा तीनदा पुसायचे. भाकरी थापताना हात थांबायचा. पोरं विचारायची, "आई, काय झालं?" काय सांगू? डोक्यात जुने गुरुवार उलटे-सुलटे व्हायला लागले होते. दान करा, असं आलं की अण्णा म्हणायचे दान म्हणजे दुर्गुणांचं दान. म्हणून घरातून जुनं लुगडंसुद्धा कधी बाहेर गेलं नाही. उपास म्हणजे मनाचा उपास. म्हणून चतुर्थीला साबुदाणा, वरी, बटाटा आणि वर श्रीखंड. पण सेवा? सेवा म्हणजे सेवाच. तिला आतला अर्थ नाही. ती लादीवरच व्हायला पाहिजे, तीही कोपऱ्यातून. आणि पाप मागच्या जन्मीचं असेल तर तेही खरंच, प्रतीक नाही. कारण ते माझं होतं.

त्यांच्या वाटेला आलं की शब्द आत वळायचा. माझ्या वाटेला आलं की बाहेर. आणि मी दोन्हीकडे मान हलवायची.

पुढचा गुरुवार. नवी पोथी सुरू झाली. समुद्रमंथनाची गोष्ट. अण्णा रंगात. "समुद्र म्हणजे आपलं चित्त. डोंगराची रवी म्हणजे निश्चय. नागाची दोरी म्हणजे श्वास. देव म्हणजे सद्विचार, असुर म्हणजे विकार. मंथन करा, आत अमृत आहे!"

मी बादलीतून हात काढला. उठले. मोरीतून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत किती पावलं? सात-आठ. आज नातवंडांना सांगते की मी वाघिणीसारखी गेले. खोटं. मी शेळीसारखी गेले. पण गेले.

"अण्णा, एक विचारू?"

सगळ्यांच्या माना वळल्या. अण्णा हसले. मोठेपणाने हसले. "विचार की! ज्ञानाला अटकाव नाही."

"दोरी असुरांनी पण ओढली ना?"

"ओढली."

"नागाच्या तोंडाकडून? विषारी फुत्कार येतात तिकडून?"

"हो. पण ती बाजू त्यांनीच मागून घेतली होती. अहंकार!"

"मागितली असेल. पण भाजले तर तेच ना? मग अमृत वाढताना त्यांची रांग कोरडी का ठेवली?"

एक काका खाकरले. अण्णा म्हणाले, "अगं, तू बाहेरचा अर्थ धरतेयस. असुर म्हणजे माणसं नव्हेतच. आपल्यातले विकार. विकारांना अमृत पाजतात का?"

अकरा डोकी हलायला लागली. बारावं हललं नाही. मलाच आश्चर्य वाटलं. मान ताठ राहते आपली, राहू शकते, हे मला सव्वीस वर्षांत माहीत नव्हतं.

"आणि माझा कप?" मी म्हटलं.

"कुठला कप?"

"मोरीच्या वर ठेवलाय तो. तो कशाचं प्रतीक?"

एका बाईंनी पर्स पुन्हा मांडीवर घेतली. मग काकू आतून म्हणाल्या, "मावशी, भांडी झाली का?"

अण्णांचा आवाज बदलला. "हा वर्गाचा विषय नाही."

"मग पोथी द्या मला. मी वाचते. तुम्ही सांगता तसं तिच्यात आहे का, माझं मी बघते."

अण्णांनी पोथीवर हात ठेवला. पूर्ण पंजा. पटकन ठेवला. कोंबडीने पिल्लावर पंख टाकावा तसा. त्या पंजाला कुठलाही आतला अर्थ नव्हता. तो पंजा होता. पोथीवर होता. मला दिसत होता.

"उद्यापासून येऊ नकोस," काकू म्हणाल्या.

"आत्तापासूनच येत नाही," मी म्हटलं. भांडी साबणात तशीच ठेवून निघाले. मोठी कढई होती त्यात. चिकट. तिची आठवण आली की मला अजून हसू येतं.

नवरा चिडला. काम सोडलंस म्हणून दोन दिवस बोलला नाही. मी कल्याणला रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून पोथी घेतली. पहिली चार पानं फाटलेली. शब्द अडायचे. सासू समोर बसायची, म्हणायची, "वाच. आर्थ सांगू नगंस, आधी वाच." मी वाचायचे. वर्षानुवर्षं वाचलं. काम दुसरीकडे धरलं, पोरं शिकली, सासू गेली. वाचणं सुटलं नाही.

आणि एक कबूल करते. आतला अर्थ खोटा नाही. लढाई मनात असतेच. माझ्या मनातला असुर मला सापडला. तो चिडका नव्हता, लोभी नव्हता. तो फार गुणी होता. कोणीही वरून बोललं की मान हलवायचा. त्याला मारायला मला फार वर्षं लागली. अजून पूर्ण मेला नाही. डॉक्टरसमोर, बँकेत, मुलाच्या साहेबासमोर मान आपोआप हलायला लागते, मग मी तिला दटावते. पण आत बदललेलं बाहेर दिसायला नको? आतून अमृत निघालं म्हणता, आणि मोरीवरचा कप तिथेच? मग घुसळलं काय इतकी वर्षं?

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण आहे. गेल्या आठवड्यात फोन आला. अण्णांची सून. अण्णा-काकू आता नाहीत. वर्ग मात्र वाढलाय. ठाण्यात हॉल घेतात, पडद्यावर श्लोक दाखवतात. तिने माझा नंबर कुठून मिळवला देव जाणे. आवाज मधासारखा.

"मावशी, आमच्याकडे रविवारी मोठा कार्यक्रम आहे. अण्णांच्या कार्याची आठवण म्हणून. तुम्ही पूर्वी आमच्या घरी सेवा केलीत. तुमच्या हस्ते दीपप्रज्वलन करायचं ठरलंय. समतेचं प्रतीक म्हणून."

नात शेजारी बसून ऐकत होती. कॉलेजात जाते. डोळे मोठे करून खुणावते, "आजी, हो म्हण! रील काढू!"

मी म्हटलं, "बाई, मी प्रतीक नाही. मला गुडघे आहेत, शुगर आहे. दिवा लावून झाल्यावर मी कुठे बसायचं?"

"म्हणजे... स्टेजवर फोटो होईल, मग तुम्हाला घरी सोडायला गाडी देऊ ना."

"आणि वाचणार कोण?"

"वाचनाला आमचे गुरुजी आहेत."

"मला द्या वाचायला. एक अध्याय. पाठ आहे जवळजवळ. आणि त्याचा अर्थही मी सांगते."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, "अहो मावशी, कार्यक्रमपत्रिका छापून झालीये. पुढच्या वर्षी नक्की बघू."

"मग दिवाही पुढच्या वर्षी," म्हटलं आणि फोन ठेवला.

नात रागावली. "काय गं आजी! किती चांगल्या बोलत होत्या त्या."

"चांगलंच बोलतात गं ते. तेच तर."

"मग आता घरी बसणार रविवारी?"

मी उठून कुकर लावला. पण त्या दिवसापासून माझं घरात लक्ष नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायला चुकते. टीव्ही चालू असतो, मी बघत नसते. सुनेला वाटतं, आईंचं बीपी वाढलंय. वाढलं असेल.

रविवारी मी ठाण्याला जाणार आहे. रिक्षाने, गाडी त्यांची नको. नात येते म्हणाली तर येऊ दे. स्टेजवर चढणार नाही. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत बसणार. राखीव असेल तरी बसणार, उठवून दाखवा म्हणावं. त्यांचे गुरुजी पहिला अर्थ सांगतील, लोक माना हलवतील. तेव्हा मी हात वर करणार आणि विचारणार: इथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरी या घडीला भांडी कोण घासतंय, आणि ती बाई इथल्या खुर्चीवर का नाही?

वर्गाचा विषय नाही म्हणाले तरी हात खाली घेणार नाही.